शिष्यवृत्तीचा जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या मुलांना जिकडेतिकडे जमाखर्चच दिसतो, अशी मित्रमंडळी आमची थट्टा करतात. ती खरी मानून आज एका शिष्यवृत्तीचा हिशेब वाचकांपुढे मांडतो.

१९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराला अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. मुदत तीन वर्षांची. पुढे लंडनसाठी आणखी एक वर्ष मिळाले. १९१७ साली ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले.

प्रबंध मात्र मुदत पाहून पुरा होत नाही. १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे आपल्याच शाखेच्या कॉलेजात, त्यांनी अध्यापन केले व पगारातून शिल्लक टाकली. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी साह्य केले, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले, तेव्हा कोठे ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला १९२३ साली डी.एस्सी. मिळाली. कोलंबियासाठी प्रबंध छापून द्यावा लागे. तो १९२५ साली छापला गेला आणि पीएच.डी. १९२७ साली हाती आली. शिष्यवृत्ती चार वर्षांची, काम चौदा वर्षांचे!

आज केंद्र शासनाची अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी राष्ट्रीय छात्रवृत्ती आहे. ती जास्तीत जास्त पाच वर्षे मिळते. महाराष्ट्रात 'बार्टी'चीही आहे, परंतु ती महाराष्ट्राच्या रहिवाशांना. आमच्या कोगनोळीहून दूधगंगेचा पूल ओलांडला की कागल. पण पुलाअलीकडचा मुलगा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संशोधन करीत असला, तरी त्या योजनेत बसत नाही. त्याने केंद्राकडे किंवा कर्नाटक शासनाकडे पाहायचे.

आमच्या शेजारच्या एका दादांचे असेच आहे. छात्रवृत्तीचा हप्ता कित्येक महिने रखडला, तेव्हा ते संध्याकाळी शिकवण्या घेऊ लागले आणि प्रबंध कपाटात गेला. कन्नडमधले परिपत्रक आले की ते मला हाक मारतात, कारण त्यांचे सारे शिक्षण मराठीत झाले. माझेही शाळेचे शिक्षण मराठीतच, पण कन्नड मी बाजारात आणि बसमध्ये शिकलो.

म्हणून माझ्या हिशेबात रकमेइतकेच महत्त्व दोन गोष्टींना आहे: पैसा वेळेवर यावा आणि काम पुरे होईपर्यंत यावा. त्या आपल्या हातात नाहीत. पण आपल्या मासिकाला दोन भाषांचे विभाग आहेत. ग्रंथालयाच्या फलकावर अशा योजनांच्या सूचनाही दोन्ही भाषांत लागाव्यात. कन्नडचे मराठी करून द्यायला मी तयार आहे.