सामाईक व्यवस्था आणि सामाईक विश्वास

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण होऊन बँकेचा व्यवहार रयतेच्या जवळ आला खरा. परंतु नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २०१० मध्ये पहिले आधार क्रमांक दिले गेले, २०१४ मध्ये जनधन खात्यांची मोहीम निघाली आणि २०१६ मध्ये यूपीआय ही मोबाइलवरून पैसे देण्याची व्यवस्था सुरू झाली, तेव्हाच तो रयतेच्या हाती आला.

या व्यवस्थेचे मर्म असे, की पैसा खात्यातच राहतो, ग्राहक कोणत्याही ॲपमधून आज्ञा देतो, आणि दोन भिन्न बँकांच्या दप्तरांत काही क्षणांतच जमा आणि नावे अशा नोंदी होतात. प्रत्येक बँकेने आपापली निराळी पद्धत न चालविता सर्वांनी एकच सामाईक पद्धत स्वीकारावी, हा रिझर्व्ह बँकेच्या पाठबळाने झालेला निर्णय म्हणजेच खरे नेतृत्व होय. कारण त्यामुळे भाजीवाली आणि बडा व्यापारी यांचा दर्जा व्यवहारापुरता तरी समान झाला.

तथापि, जेथे बँकेतील कारकुनाची ओळख हीच हमी होती, तेथे आता गुप्त पिन हीच हमी झाली असल्याने, फसवणूक टाळण्याकरिता, पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच द्यावा लागत नाही हे सत्य वृद्ध व अल्पशिक्षित माणसांपर्यंत पोहोचविणे आणि रोखीने व्यवहार करणाऱ्याचाही मान राखणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.