रेषा आधी, बिंदू नंतर: चिनी वैद्यकातील मेरिडियन

आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी या पद्धतींतील व्याधींसाठी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातील पारंपरिक वैद्यकाच्या प्रकरणात २०२५ मध्ये नवा विभाग जोडला, तेव्हा भारतात त्याचे कौतुक झाले. मात्र त्याच प्रकरणाच्या आधीच्या विभागात, २०२२ पासून लागू असलेल्या यादीत, चिनी परंपरेतील ‘मेरिडियन’च्या विकृतींनाही संकेतांक आहेत, याची चर्चा आपल्याकडे क्वचितच झाली. हे प्रकरण पूरक आणि ऐच्छिक आहे, आणि त्यातील नोंद म्हणजे शास्त्रीय मान्यता नव्हे. तरीही शवविच्छेदनात कधीच न दिसलेल्या वाहिन्या अशा यादीपर्यंत कशा पोहोचल्या, हे पाहण्याजोगे आहे.

‘ची’ म्हणजे शरीरात खेळणारी प्राणशक्ती ज्या मार्गांनी वाहते, ते मेरिडियन, अशी पारंपरिक मांडणी आहे; मुख्य मार्ग बारा असून प्रत्येक मार्ग एकेका अवयवाशी जोडलेला आहे, प्रवाह अडला की व्याधी उद्भवते आणि मार्गावरील नेमक्या बिंदूत सुई टोचून तो मोकळा करता येतो. ही मांडणी आज इतकी रेखीव दिसते, की ती पहिल्यापासून अशीच असावी असा समज सहज होतो.

उत्खननांनी हा समज खोडून काढला आहे. हुनान प्रांतात चांगशाजवळ मावांगदुई येथे इसवी सनपूर्व १६८ मध्ये बंद झालेली एक कबर १९७३ मध्ये उघडली गेली, तेव्हा तिच्यातील रेशमी हस्तलिखितांत बारा नव्हे तर अकराच वाहिन्यांचे वर्णन आढळले. त्या परस्परांना जोडलेल्या नाहीत, त्यांच्यावर बिंदू नाहीत, आणि उपचार सांगितला आहे तो सुईचा नसून डाग देण्याचा. सिचुआनमधील म्येनयांग येथे १९९३ मध्ये सापडलेल्या, जेमतेम २८ सेंटीमीटर उंचीच्या काळ्या लाखेच्या बाहुलीवर तर तांबड्या रेषांनी दाखवलेल्या वाहिन्या दहाच आहेत आणि बिंदू एकही नाही. चेंगदूजवळ लाओग्वानशान येथे त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी मिळालेल्या आणखी लहान बाहुलीवर मात्र रेषांसोबत बिंदूही दिसतात. म्हणजे वैद्यांना आधी बिंदू सापडले आणि ते जोडताना रेषा तयार झाल्या, हे लोकप्रिय स्पष्टीकरण या पुराव्यापुढे टिकणे अवघड आहे.

पुढे ‘ह्वांगदी नेइजिंग’ या ग्रंथात बारावी वाहिनी आली, सर्व वाहिन्यांचे एक अखंड वर्तुळ झाले, त्यांची सांगड चीनमधील बारा नद्यांशी घातली गेली आणि बिंदूंची संख्या वर्षाच्या दिवसांइतकी, ३६५, सांगितली गेली. येथे निरीक्षणापेक्षा विश्वरचनेच्या कल्पनेचा वाटा मोठा आहे, हे उघड आहे. १०२७ मध्ये वांग वेइयी याने सोंग दरबारासाठी ओतवलेल्या कांस्यपुतळ्यांवर ३५४ बिंदू होते, आणि आजच्या प्रमाण यादीत ते ३६१ आहेत. शरीर तेच राहिले आणि नकाशा मात्र संपादित होत गेला.

या नकाशाला शरीरात आधार शोधण्याचे प्रयत्नही झाले. संशोधक हेलेन लाँजेव्हिन यांनी २००२ मध्ये मानवी बाहूच्या छेदांत सुमारे ८० टक्के बिंदू स्नायूंमधील संयोजी ऊतींच्या पडद्यांवर पडतात असे दाखवले; निष्कर्ष वेधक आहे, पण या ऊती शरीरात सर्वत्र असल्याने त्याला फार ताणता येत नाही. त्याहून बोलके आकडे जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीचे आहेत: सहा महिन्यांनंतर शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के, बिंदू सोडून भलतीकडे उथळ सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्के रुग्णांना लक्षणीय आराम पडला. सुईचा परिणाम आणि रेषेचे अस्तित्व हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि ॲक्युपंक्चरचे समर्थक व विरोधक दोघेही ते एकत्र कालवतात.

जागेला मात्र काहीच महत्त्व नाही, असेही म्हणता येत नाही. हार्वर्डमधील छिउफू मा आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंदरांच्या मागील पायातील ‘त्सुसानली’ या बिंदूला सौम्य विद्युत उत्तेजन दिले असता विशिष्ट चेतापेशींमार्फत व्हेगस चेता आणि अधिवृक्क ग्रंथी कार्यान्वित होऊन शरीरातील दाह कमी झाला, तर पोटावरील ‘थ्येनशू’ या बिंदूवर तेच उत्तेजन देऊनही हा मार्ग जागा झाला नाही, कारण त्या चेतापेशींचे तंतू पायाच्या खोल ऊतींत असतात आणि पोटाच्या तशाच थरात नसतात. पारंपरिक नकाशावर हे दोन्ही बिंदू जठराच्या एकाच मेरिडियनवर आहेत.