बिगएंड बेअरिंग अंदाजाने नाही, मापाने बसतं

वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा एमआयडीसीमुळे छत्रपती संभाजीनगरात मायक्रॉनच्या हिशेबात बोलणारे लोक कमी नाहीत. बजाजचा वाळूजचा कारखाना 1985 पासूनचा. पण त्याच शहरात जुन्या अ‍ॅम्बेसेडरचं किंवा पद्मिनीचं इंजिन उघडलं की 'हाताला घट्ट लागलं म्हणजे बसलं' यावर काम निभावलं जातं. अ‍ॅम्बेसेडरचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं. या इंजिनांवर हात बसलेले मिस्त्री कमी होत चाललेत, आणि ऐकीव नियम मात्र टिकून आहेत. त्यातले बिगएंड बेअरिंगचे, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथे जोडला जातो तिथल्या बेअरिंगचे, काही तपासून पाहू.

गैरसमज : बेअरिंग जितकं घट्ट, तितकं इंजिन टिकाऊ.
वस्तुस्थिती : चालत्या इंजिनात क्रँकपिन, म्हणजे क्रँकचा रॉड ज्यावर बसतो तो भाग, बेअरिंगच्या अर्धगोल शेलला टेकत नाही. दोघांमध्ये तेलाचा थर असतो आणि भार तोच पेलतो. त्या थरासाठी फट ठेवावीच लागते. ढोबळ नियम असा, की पिनच्या दर इंच व्यासामागे एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दोन इंची पिनला ती सुमारे 0.05 मिलिमीटर होते. फट कमी पडली तर तेल पुरेसं वाहत नाही, शेल तापून पिनला चिकटतं. जास्त झाली तर तेल बाजूने निसटतं, प्रेशर पडतं आणि ठोका सुरू होतो.

ही फट प्लास्टिगेजने मोजता येते. मेणासारखा बारीक धागा कोरड्या पिनवर लांबीच्या दिशेने ठेवायचा, रॉडची कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळायची आणि क्रँक तसूभरही फिरू द्यायचा नाही. मग कॅप काढून चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्टीशी जुळवायचा. धागा जितका पसरला, तितकी फट कमी.

गैरसमज : ठोका येतोय ना? नवीन बेअरिंग सेट टाका, थांबेल.
वस्तुस्थिती : क्रँकपिन सगळीकडून सारखी झिजत नाही, ती अंडाकृती होते किंवा एका टोकाला निमुळती होते. अशा पिनवर नवं शेल जास्त दिवस तग धरत नाही. म्हणून प्रत्येक पिन मायक्रोमीटरने दोन काटकोनी दिशांत आणि दोन्ही टोकांना मोजायची. माप बिघडलेलं असेल तर क्रँक ग्राइंडिंग करून अंडरसाइज शेल घ्यायचं. 'दहा थाऊ अंडरसाइज' म्हणजे शेल लहान नव्हे. पिनचा व्यास 0.254 मिलिमीटरने घटला, म्हणून प्रत्येक अर्ध शेल 0.127 मिलिमीटरने जाड. ग्राइंडिंगनंतर क्रँकमधली तेलाची भोकं ब्रश आणि हवेने साफ झालीच पाहिजेत. आत राहिलेली बुकी थेट नव्या शेलमध्ये जाते.

गैरसमज : ढिलं वाटलं तर कॅप थोडी घासावी, नाहीतर शेलमागे कागद घालावा.
वस्तुस्थिती : या सवयीचं मूळ जुन्या गाड्यांत आहे. आयझॅक बॅबिट यांनी 1839 मध्ये पेटंट घेतलेला पांढरा धातू पूर्वी थेट रॉडमध्ये ओतत आणि पिनच्या मापाला आणत. फोर्डच्या मॉडेल ए मध्ये कॅपखालच्या पातळ पट्ट्या काढून झीज भरून काढता यायची. अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीचं शेल मात्र तयार मापाचं येतं. रॉडमध्ये बसवल्यावर त्याच्या कडा अगदी किंचित वर राहतात. बोल्ट आवळले की हा जादा भाग शेलला रॉडवर चहूबाजूंनी दाबतो. शेल जागच्या जागी राहतं ते या दाबाने. कडेची जीभ फक्त बसवताना जागा दाखवते. कॅप घासली की रॉडचं भोक गोल राहत नाही. मागे कागद घातला की शेलची उष्णता रॉडमध्ये नीट उतरत नाही. म्हणूनच शेलची पाठ आणि रॉडची बैठक स्वच्छ, कोरडी ठेवायची आणि तेल फक्त पिनच्या बाजूने लावायचं.

गैरसमज : कॅपा सारख्याच दिसतात, कुठलीही कुठेही चालते.
वस्तुस्थिती : रॉड आणि त्याची कॅप एकत्र आवळूनच भोक बोअर केलेलं असतं. कॅप बदलली किंवा उलटी लागली तर गोलाई गेली. नंबर दिसत नसतील तर उघडण्याआधीच खुणा करा.

गैरसमज : मराठवाड्याच्या उन्हात फट थोडी सैल ठेवावी.
वस्तुस्थिती : बेअरिंगला बाहेरचं ऊन नव्हे, इंजिनमधलं तेल सोसावं लागतं, आणि ते गरम इंजिनात शंभर अंशांच्या आसपास असतं. उन्हाचा तोडगा म्हणजे योग्य ग्रेडचं तेल आणि साफ रेडिएटर.

उन्हापेक्षा घाट जास्त घातक. कन्नडच्या औट्रम घाटात टॉप गिअरमध्ये इंजिन रखडवलं, की फेरे कमी आणि भार पूर्ण. तेलाचा थर तेव्हाच सर्वांत पातळ होतो आणि रॉडच्या वरच्या शेलवर सगळा मारा बसतो. वेळेवर गिअर खाली टाकणं हीच बेअरिंगची राखण, नव्या बांधणीच्या इंजिनात तर विशेष.

पहिल्या स्टार्टआधी प्लग काढून स्टार्टरने इंजिन फिरवा आणि ऑइल प्रेशर आल्याची खात्री करा. त्याआधी, ग्राइंडिंगवाल्याकडून क्रँक परत घेताना बिलावर चारही पिनांची मापं लिहून मागा. ज्याने मोजलंय, त्याला ती लिहून द्यायला दोन मिनिटंही लागत नाहीत.