मुलाखत कशी घ्यावी? : विद्यार्थ्यांसाठी काही सूचना



१९५६ साली ज्यांनी ऐन विशीत धम्मदीक्षा घेतली, ते आज नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्या आठवणी लिहून ठेवल्या नाहीत, तर त्या त्यांच्याबरोबरच जातील. हे काम अभ्यासाच्या प्रकल्पानिमित्त तुम्ही करू शकता.

उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचा 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली प्रसिद्ध झाला. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून, बोलते करून त्यांनी तो सिद्ध केला. छापील इतिहासात ज्यांना जागा नव्हती, अशा स्त्रिया त्यामुळे पुढच्या पिढीला कळल्या.

मुलाखतीला जाण्यापूर्वी वाचन करावे. महाडला १९२७ साली दोन प्रसंग घडले. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले व २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. वडिलांकडून ऐकलेले सांगताना वृद्ध माणसाकडून या दोहोंची सरमिसळ होऊ शकते. तेथे त्यांना अडवू नये. ते बोलले तसेच लिहावे आणि खरी तारीख शेजारी वेगळी टिपावी. आजोबा 'कुलाबा' म्हणाले, तर तो मुंबईचाच असे धरू नये. आपला रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता.

प्रश्न असा असावा की उत्तर नुसते 'हो' वा 'नाही' येणार नाही. "धर्मांतराने फरक पडला का?" असे विचारल्यास "पडला की!" एवढेच हाती लागते. त्याऐवजी "घरातले देव कोणी काढले? तेव्हा आजी काय म्हणाली?" असे विचारा. मग माणूस आपोआप सांगू लागतो. तो थांबला, तरी लगेच दुसरा प्रश्न टाकू नये. आठवायला वेळ लागतो.

आजीची मुलाखत शक्यतो ती एकटी असताना घ्यावी. घरातील पुरुषमंडळी बसली की तिची उत्तरे तीच देतात.

मोबाईलवर आवाज नोंदवण्यापूर्वी परवानगी घ्यावी. जुने अपमान सांगताना कोणी गहिवरले, तर यंत्र बंद करावे. "हे लिहू नकोस" म्हटलेले लिहू नये. लेखन पूर्ण झाल्यावर त्यांना वाचून दाखवावे, दुरुस्ती विचारावी व एक प्रत त्यांच्या घरी द्यावी.

दुसरी प्रत विहाराच्या वाचनालयात ठेवा. सुरुवात आपल्याच घरापासून, याच रविवारी करा.

जयभीम!