ब्लेंडर: लोकवर्गणीपासून ऑस्करपर्यंत

मार्च २०२५मध्ये लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांच्या ‘फ्लो’ला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. एका मांजराची संवादाविना सांगितलेली ही गोष्ट ब्लेंडर या मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर घडली. या यशाचं श्रेय प्रोग्रामरांना जातंच. पण गेल्या दोन दशकांचा मागोवा घेतला, तर कोडची एक ओळही न लिहिणाऱ्यांचा हात पदोपदी दिसतो.

सुरुवातच त्यांच्यामुळे झाली. २००२च्या आरंभी ब्लेंडर बनवणारी नेदरलँड्समधली ‘नॉट अ नंबर’ ही कंपनी बंद पडली. एक लाख युरो भरले तर कोड मोकळा करायला गुंतवणूकदार राजी झाले. ब्लेंडरचे जनक टॉन रोझेनडाल यांनी जुलैत वापरकर्त्यांना हाक दिली आणि अवघ्या सात आठवड्यांत लोकवर्गणीतून रक्कम उभी राहिली. १३ ऑक्टोबरला ब्लेंडर सर्वांसाठी खुलं झालं.

मग चित्रकार आणि अ‍ॅनिमेटर पुढे आले. २००६चा ‘एलिफंट्स ड्रीम’ आणि २००८चा ‘बिग बक बनी’ हे लघुपट करताना कलावंत आणि प्रोग्रामर एकत्र काम करत होते. ‘बनी’तल्या गुबगुबीत सशाला आणि त्याच्या कुरणाला पडद्यावर पटेल अशी लव आणि गवत हवं होतं, ती सोय या चित्रपटाच्या निमित्तानं सुधारली आणि पुढे सगळ्यांच्या हाती आली. चित्रपटांच्या मूळ फायलीही खुल्या ठेवल्या गेल्या. शिकणाऱ्याला त्या उघडून सशाचा सांगाडा कसा हलतो, ते थेट पाहता आलं.

तक्रारींचंही मोल मोठं ठरलं. ब्लेंडरमध्ये वस्तू निवडायला माउसचं उजवं बटण दाबावं लागे आणि नवखे तिथंच अडत. ही कुरकुर वर्षानुवर्षं चालली; २०१९च्या २.८ आवृत्तीत डावं बटण हा मूळ पर्याय झाला. अँड्र्यू प्राइस यांच्या, ब्लेंडरमध्ये डोनट बनवायला शिकवणाऱ्या व्हिडिओंनी तर असंख्य नवशिक्यांची भीती घालवली.

हे ब्लेंडरपुरतंच नाही. फ्रेंच चित्रकार डेव्हिड रेव्हॉय यांनी क्रिटा या मुक्तस्रोत चित्रकला-सॉफ्टवेअरसाठी ब्रशचे संच करून मोफत वाटले. त्यांच्या ‘पेपर अँड कॅरट’ या २०१४पासूनच्या चित्रकथेची भाषांतरं स्वयंसेवक करतात. मुंबईच्या ‘एक टाइप’नं ‘मुक्ता’ हा देवनागरी फाँट खुल्या परवान्यानं दिला; आज कुणीही तो इंकस्केप या मुक्तस्रोत रेखांकन-सॉफ्टवेअरमध्ये घेऊन मराठी पोस्टर करू शकतो.

म्हणूनच ‘मला कोडिंग येत नाही’ म्हणून मागे राहणाऱ्या मराठी कलावंतांना आवर्जून सांगावंसं वाटतं: तुमच्या कामाची इथं गरज आहे. सॉफ्टवेअर बंद पडलं तर नुसतं ‘चालत नाही’ म्हणू नका. आवृत्ती कोणती, काय केल्यावर बिघडतं, काय व्हायला हवं होतं, हे क्रमानं लिहा आणि बिघाड दाखवणारी छोटी फाइल जोडा. अशा नोंदीनं प्रोग्रामरचे तासन्‌तास वाचतात. जोडाक्षरं फुटत असतील तर ती मराठी लिहिणाऱ्याच्याच नजरेला आधी खुपतील. मराठीतून धडे, मेनूंचं भाषांतर, जमेल तेवढी वर्गणी, यांतलं एक काम निवडा आणि नेटानं करा. हत्यार घडवण्यात ते वापरणाऱ्याचा वाटा असला, तरच ते हाताला बसतं.