सकाळी कॉलेज, दिवसा ऑफिस: बी.कॉम. आणि सीए आर्टिकलशिपचं गणित कसं जुळतं?

बेळगाव : पीयूसी किंवा बारावी कॉमर्सचा निकाल लागला की सीमाभागातल्या अनेक घरांत एकच प्रश्न निघतो. पोरगं सीए करायचं म्हणतं, मग बी.कॉम.चं काय? दोन्ही एकदम झेपेल का? "सगळे करतात की" एवढंच उत्तर बहुतेक वेळा मिळतं. दोन्ही एकदम करता येतं हे खरं. पण वेळेचं गणित आधी मांडलं नाही, तर डिग्री आणि ट्रेनिंग दोन्हींत ओढाताण होते.

दोन वर्षं ऑफिसात, तीही नियमाने

सीएच्या परीक्षा तीन टप्प्यांत होतात: फाउंडेशन, इंटरमिजिएट आणि फायनल. यांच्या जोडीला प्रॅक्टिस करणाऱ्या सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष काम करावं लागतं. त्यालाच आर्टिकलशिप म्हणतात. पूर्वी ती तीन वर्षांची होती. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत ती दोन वर्षांवर आली. मात्र इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय ती सुरू करता येत नाही, आणि ती संपल्यावर सहा महिन्यांनी फायनलला बसता येतं.

कामाचे तास आठवड्याला ३५. सहा दिवसांत वाटले तर रोज जवळपास सहा तास. रजा वर्षाला बारा, म्हणजे दोन वर्षांत चोवीस. जास्त झाल्या तर तेवढे दिवस शेवटी भरून द्यावे लागतात.

दोन्ही रस्ते नेमके कुठे भेटतात?

समजा, शहापूरच्या एखाद्या मुलीने बारावीनंतर बी.कॉम.ला प्रवेश घेतला आणि त्याच सप्टेंबरात फाउंडेशन दिली. ती सुटली की इंटरला नाव नोंदवून आठ महिने अभ्यासाचे. पुढच्या सप्टेंबरात इंटरचे दोन्ही ग्रुप. सगळं पहिल्या फटक्यात जमलं, तर बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर आर्टिकलशिप सुरू होईल. म्हणजे कॉलेज आणि ऑफिस एकत्र चालण्याचा काळ साधारण दीड वर्षाचा. डिग्री हातात आल्यावरही सहाएक महिने ऑफिस बाकी राहतं.

खरी कसोटी या दीड वर्षाची. विद्यापीठांत साधारण ७५ टक्के हजेरीची अट असते. इकडे ऑफिसचे तास ठरलेले. त्यामुळे सकाळच्या सत्राचं कॉलेज असेल तरच दोन्ही नीट बसतं. आर्टिकलशिप करताना दुसरा कोर्स चालू ठेवायचा तर संस्थेची परवानगी लागते. त्यासाठी फॉर्म ११२ भरायचा असतो, आणि कॉलेजची वेळ ऑफिसच्या वेळेआड येत नाही हे प्राचार्यांकडून लिहून घ्यावं लागतं. हा फॉर्म पुष्कळ मुलं विसरतात आणि शेवटी धावपळ करतात.

खानापूर किंवा चंदगडहून रोज एसटीने येणाऱ्यांचं गणित आणखी अवघड. पहाटेची गाडी, सकाळचं कॉलेज, संध्याकाळपर्यंत ऑफिस, मग परतीचा प्रवास. अभ्यासाला उरतं काय? अशांसाठी इग्नूसारख्या दूरशिक्षणाची बी.कॉम. हा कमीपणाचा नव्हे, शहाणपणाचा पर्याय ठरतो.

पुस्तकात वाचलेलं ऑफिसात दिसतं

एवढी ओढाताण कशासाठी? कारण शिकण्याचा फायदा मोठा आहे. ऑडिटिंगच्या पेपरात 'वाउचिंग'ची व्याख्या पाठ करणारा मुलगा ऑफिसात बिलांची फाइल उघडतो, तेव्हा कुठलं बिल खरं आणि कुठलं संशयाचं हे त्याला कळू लागतं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीचंच घ्या. कास्टिंग मशीनिंगसाठी दुसऱ्याकडे जॉबवर्कला जातं. जीएसटी कायद्याप्रमाणे असा माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे, नाहीतर तो पुरवठा धरला जाऊन कर बसतो. वर्गात ही एक ओळ असते. ऑफिसात चलनांचा गठ्ठा समोर ठेवून ती पडताळावी लागते.

शिवाय गिऱ्हाईक मराठीत बोलतं, स्थानिक कागद कानडीत येतो, रिटर्न इंग्रजीत भरायचं. तिन्ही भाषांत वावरणाऱ्या सीमाभागातल्या पोरांची ही जमेची बाजू. पण सीएचा पेपर इंग्रजी किंवा हिंदीतच लिहिता येतो, मराठीत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजी लिहिण्याचा सराव फाउंडेशनपासूनच धरावा.

पैसे किती?

आर्टिकलशिपला पगार नसतो, स्टायपेंड असतो. किमान रक्कम शहराच्या लोकसंख्येवर ठरते: चार लाखांपर्यंत, चार ते वीस लाख आणि वीस लाखांच्या वर असे तीन गट. बेळगाव मधल्या गटात येतं, पुणे आणि बेंगळुरू वरच्या. त्यामुळे तिकडचा किमान आकडा जास्त दिसतो. पण खोलीभाडं आणि मेस वजा केली तर घरी राहून बेळगावात काम करणारा तोट्यात असतोच असं नाही.

'नावापुरती' आर्टिकलशिप नको

अडचण झाली की एक सोपी वाट सुचवली जाते: नाव एका ऑफिसात, मुलगा क्लासला. ही वाट धोक्याची आहे. असं उघडकीस आलं तर ट्रेनिंगचा काळ रद्द होऊ शकतो आणि सीएवरही कारवाई होऊ शकते. पकडला गेला नाही तरी नुकसान त्याचंच. मुलाखतीत पहिला प्रश्न 'काय काम केलंत?' असाच असतो.

आधी काय विचारायचं?

कॉलेजला विचारा: सकाळचं सत्र आहे का, वेळेचा दाखला मिळेल का? ऑफिसला विचारा: सेमिस्टर परीक्षेला रजा कशी द्याल? ३० सप्टेंबर ही टॅक्स ऑडिटची नेहमीची मुदत. त्याआधीच्या महिन्यात रजा मागितली तर कुठलेही सर नाराज होणारच. तेव्हा त्या दिवसांचं आधीच बोलून ठेवलेलं बरं.

इंटर सुटायला वेळ लागला तरी घाबरायचं कारण नाही. आधी बी.कॉम. पुरं करून ५५ टक्के मिळवले, तर फाउंडेशन न देता थेट इंटरला बसता येतं. वर्ष थोडं मागे पडतं, पण एका वेळी एकच ओझं राहतं. घरच्यांनी दुसऱ्याच्या पोराशी तुलना करण्यापेक्षा आपल्या पोराला यातली कुठली वाट झेपेल, ते निकालाच्या दिवशीच बसून ठरवावं.