यंत्राला यंत्र कसे सापडते?

महाडमधल्या एखाद्या कचेरीचे चित्र डोळ्यांपुढे आणा. खिडकीशी रांग आहे. आत चार टेबले, चार संगणक. कोपऱ्यात छपाईचे यंत्र, म्हणजे प्रिंटर, एकच. पोलादपूरहून आलेल्या बाईंना दाखला हवा आहे. कारकून बटण दाबतो आणि दाखला प्रिंटरवरच निघतो. शेजारच्या संगणकाकडे तो कसा जात नाही?

आधी पत्राचे उदाहरण घेऊ. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्या देशात पत्त्याखाली सहा आकडी पिनकोड लिहितात. ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. महाडचा पिनकोड ४०२३०१, पोलादपूरचा ४०२३०३. त्यावरून पत्र बरोबर गावी येते. पण गावात आले म्हणजे घरी पोचले का? नाही. पुढे पोस्टमनला घर ठाऊक असावे लागते.

संगणकांनाही असेच दोन पत्ते असतात. एक 'आयपी' पत्ता. तो पिनकोडसारखा दूरवर उपयोगी पडतो. यंत्र दुसरीकडे नेले की तो बदलतो. दुसरा 'मॅक' पत्ता. यंत्राचा जो भाग जाळ्याला जोडतात, त्यात तो कारखान्यातच घातलेला असतो. त्यात बारा खुणा असतात, दोनदोनच्या सहा जोड्या. ० ते ९ हे आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे त्यासाठी वापरतात.

प्रिंटरचा मॅक पत्ता संगणकाला कळतो कसा? तो दवंडी पिटतो, "हा आयपी पत्ता कुणाचा?" ज्याचा असेल तो उत्तर देतो, "माझा. हा घ्या माझा मॅक पत्ता."

सगळ्या तारा एका पेटीत येतात. तिला 'स्विच' म्हणतात. दिव्याचे बटण ते वेगळे. माहिती लहान तुकड्यांनी जाते. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मॅक पत्ता असतो. पाठवणारा कोणत्या तारेवर आहे, हे पेटी टिपून ठेवते. मग घेणाऱ्याचा पत्ता बघते. तो टिपलेला असेल, तर तुकडा त्याच तारेवर सोडते. नसेल तर आलेली तार वगळून बाकी सर्व तारांवर पाठवते. ज्याचा तुकडा तो घेतो, बाकीचे सोडून देतात. अशी ही पेटी आपली आपणच शिकते.

मॅक पत्त्याचे काम कचेरीच्या आतले. मुंबईला जाणारी माहिती 'राउटर' नावाच्या यंत्राकडे जाते. तिथून पुढची वाट आयपी पत्त्यावरून ठरते.

हे जाणून आपल्याला काय फायदा? २०२१ च्या जुलैत महाडला मोठा पूर आला. पुराचे पाणी यंत्रात गेले की यंत्र बदलावे लागते. नव्या यंत्राचा मॅक पत्ता नवा असतो. काही ठिकाणी ओळखीच्या मॅक पत्त्यांची यादी ठेवतात. यादीत नसलेल्या यंत्राला जाळे आत घेत नाही. तार ठीक, दिवा लागलेला, तरी काम अडते! यादीत नवा पत्ता लिहिला की ते चालू होते.

म्हणून आम्ही सांगतो, "मशीन बंद आहे, उद्या या," असे कुणी म्हणाले तर लगेच माघारी फिरू नका. शांतपणे विचारा, "साहेब, बिघाड इथला आहे का बाहेरच्या लाइनीचा? इथला असेल तर दुसऱ्या टेबलावरून काम होईल का?" दर वेळी होईलच असे नाही. पण झाले तर पोलादपूरची एक खेप वाचेल, आणि एका दिवसाची मजुरीही.